पेचकस लावून ऐकलेलं विमान

लढाऊ विमानाचं इंजिन आतून कसं असतं हे नीट समजावून सांगू शकतील अशी माणसं आपल्या देशात फार थोडी असतील. पण त्यातली निम्मी गंगाखेडात राहतात, आणि याचं सगळं पाप आमच्या दाजींच्या माथ्यावर आहे. दाजींच्या गल्लीतला न्हावी दाढी करता करता आफ्टरबर्नर म्हणजे काय ते सांगतो, आणि तेही वस्तरा गळ्याशी असताना, त्यामुळे गिऱ्हाईक मुकाट ऐकून घेतं. दूध घालायला येणाऱ्या मावशींना विमानाचा वेग वाढला की मागचं तोंड किती उघडतं आणि कधी मिटतं ते तोंडपाठ आहे. मी स्वतः मराठीचा मास्तर. समास आणि विभक्ती शिकवण्यात माझी उमर गेली. तरी उद्या मला कुणी वर्गात उभं करून कॉम्प्रेसरवर दहा ओळी लिहायला सांगितल्या तर मी पंधरा लिहीन, आणि शुद्धलेखनासकट लिहीन.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. साखर कारखान्यावर ते टर्बाईन चालवायचे. उसाची चिपाडं जाळून वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाईन फिरवायचं आणि त्यातून वीज काढायची, असा तो सगळा प्रकार. सकाळी आंघोळ, शिवपूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि मग डबा घेऊन टर्बाईनच्या खोलीत, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. एका वर्षी हंगाम संपल्यावर टर्बाईन उघडून साफ करायला लांबचा कुणी इंजिनिअर आला होता. आत ओळीनं लावलेली पाती पुसताना तो सहज बोलून गेला, "यही चीज फायटर प्लेन में होती है, बस वहाँ भाप की जगह आग है." त्या बिचाऱ्यानं पुढं चहा घेतला असेल, रेल्वे धरून तो गेलाही असेल. आपण इथं काय पेरून चाललोय याची त्याला कल्पना नव्हती. त्या दिवसापासून दाजींची आणि लढाऊ विमानांची सोयरीक जुळली. "आपलं टर्बाईन अन् ते, सख्खे चुलतभाऊ हायेत," असं ते सांगायला लागले, आणि तेही अशा थाटात, की चुलतभाऊ जरा शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलाय इतकंच.

दाजींना इंग्रजी येत नाही, आणि या गोष्टीचा त्यांनी कधी अडथळा होऊ दिला नाही. मोबाईलवर ते कुठल्या कुठल्या देशांतल्या इंजिनांच्या चित्रफिती लावत, दर अर्ध्या मिनिटाला थांबवत आणि मला फोन करत. मी तास घेत असलो तरी करत. "मास्तर, हे सिंगल क्रिस्टल ब्लेड म्हंजे काय म्हणायलाय तो गोरा?" मी दोन शब्दकोश पालथे घालून अभिमानानं सांगितलं, "एकस्फटिकी पातं."  दाजी म्हणाले, "तुमच्या मराठीनं पातं लय दूर गेलं, मास्तर." चार दिवसांनी त्यांनी स्वतःच उलगडा केला. धातूच्या आत बारीक बारीक दाणे असतात, आणि चीर जाते ती दोन दाण्यांच्या मधल्या बांधावरून. "आपल्याकडं भांडण कुठं व्हतं? बांधावरच व्हतं का न्हाई? मंग त्या लोकानी काय केलं, आख्खं पातंच एका दाण्याचं केलं. बांधच न्हाई, तं भांडण कुठून?" मी शब्दकोश मिटून ठेवले. पुढं कितीतरी दिवस 'एका दाण्याचं' हे त्यांचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं. गल्लीतल्या कुणाला ते मिळालं नाही. मला तर नाहीच.

त्यांची समजावून सांगण्याची एक रीत होती, आणि तिच्यातून सुटका नव्हती. "इंजिन म्हंजे काय? पुढून हवा घ्यायची, दाबायची, पेटवायची अन् मागून फेकायची. एवढंच." इथपर्यंत सगळं सुखात असे. "पण जिथं हे पातं फिरायलंय, तिथली आग एवढी लय हाय, की पातंच वितळून पाणी व्हायला पायजे. तरी व्हत न्हाई. कामून?" आणि मग ते थांबत. समोरच्यानं 'कामून?', म्हणजे 'का बरं?', असं विचारल्याशिवाय एक शब्द पुढं बोलत नसत. घाईतला माणूस मान हलवून निसटायला बघे, तर दाजी त्याच्या शर्टाची बाही धरून उभे. अखेर तो हरून म्हणे, "कामून?" की लगेच दाजींचा चेहरा उजळे. "आतून पोकळ हाय ते! पोटातनं गार हवा जायलीय, अन् अंगावरच्या बारीक बारीक भोकातनं बाहेर यून सगळ्या अंगावर पसरायलीय. आगीच्या अन् त्याच्या मधी गार हवेचा पदर हाय नुसता. तेवढ्यावर उभं हाय बगा ते."

प्रात्यक्षिकाशिवाय कुठलीही विद्या पूर्ण होत नाही, असं त्यांचं मत. आफ्टरबर्नर त्यांनी आक्काला चुलीपाशी समजावला. जळून गेल्यावरही हवेत दम उरलेला असतो, त्याला शेपटीकडं पुन्हा तेल घालून पेटवायचं, म्हणजे उरलेल्या भाकरीचे कुटके करून फोडणी दिली तसं. आक्का म्हणाली, "मंग फोडणीला कांदा चिरून द्या." त्यांनी चिरून दिला, पण बोलणं थांबवलं नाही. एका उन्हाळ्यात मात्र त्यांनी घरातला कूलर घेतला. एकामागं एक पंखे बसवून हवा कशी दाबत न्यायची हे त्यांना दाखवायचं होतं. कूलरच्या पुढं त्यांनी कारखान्यातून जुना म्हणून आणलेला एक पंखा बांधला, मागं दुसरा, आणि बटण दाबलं. हवा किती दाबली गेली ते कळायच्या आत कूलरच्या जाळीतला ओला वाळा सुटून गच्चीवर गेला आणि शेजारच्या काकूंच्या साबुदाण्याच्या पापडांवर पसरला. काकू खाली आल्या तेव्हा दाजी कपाळाला हात लावून बसले होते. काकूंना वाटलं, पश्चात्ताप झालाय. ते म्हणाले, "मागचं तोंड निमुळतं करायचं राहिलं."

पण दाजींची खरी विद्या होती ती पेचकसाची. दीड हात लांबीचा, लाकडी मुठीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, त्यांच्याजवळ कायम असे. चालत्या यंत्राला पेचकसाचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. यंत्राच्या पोटात काय दुखतंय ते त्यांना त्यातून कळे. कारखान्यावर त्यांच्या या ऐकण्याला मान होता. बाहेर मात्र लोकांना त्याची सवय नव्हती. गिरणी दिसली की पेचकस, पाण्याची मोटार दिसली की पेचकस. पालमला जाताना एसटीत ते ड्रायव्हरच्या शेजारच्या बॉनेटला पेचकस लावून बसले, तेव्हा ड्रायव्हरनं विचारलं, "मालक, काय करायलाव?" दाजी डोळे न उघडता म्हणाले, "तुमची गाडी तब्येतीला चांगली हाय. चला." त्या ड्रायव्हरनं पालमला त्यांना चहा पाजला.

बोरीला आमच्या नात्यात एक लग्न होतं. अक्षता पडायला पाच मिनिटं उरली होती. आणि मांडवातले दिवे, पंखे, भोंगे सगळे एकदम बंद पडले. बंद पडले नव्हते. मांडवामागं जाऊन दाजींनी जनरेटर बंद केला होता. नवरीचे मामा धावत गेले, त्यांच्यामागं मी. दाजी पेचकस हातात घेऊन शांत उभे. "बेअरिंग कामातून चाललं हाय. अजून चालवला असता तं फुटला असता." मामांनी त्यांना काय काय म्हटलं ते मी मराठीचा मास्तर म्हणून इथं लिहू शकत नाही. अखेर गुरुजींनी भोंग्याशिवाय, गळा ताणून मंगलाष्टकं म्हटली, आणि माणसांनी घामाघूम होऊन अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी जनरेटरवाल्यानं झाकण उघडलं तर बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा हातात आला. ते फुटलं असतं तर पाठीशीच बायकांची बसायची जागा होती. मामांनी फोन केला, पण माफी मागायला अवघड गेलं म्हणून त्यांनी नुसती तब्येत विचारली. दाजी म्हणाले, "माझी चांगली हाय, जनरेटरची सांगा."

या सगळ्यात एक गोष्ट आम्ही हसण्यावारी नेत होतो, आणि तीच हसण्यासारखी नव्हती. टर्बाईनच्या खोलीत इतका आवाज, की दोघांना कानाला तोंड लावून बोलावं लागे. कारखान्यानं कानावर चढवायची जाड झाकणं दिली होती, ती घालायचा नियम होता, साहेब येऊन बजावून जात. दाजींनी ती झाकणं नवीकोरी खुंटीला टांगून ठेवली होती. दसऱ्याला तेवढं त्यांना गंध-फूल मिळे. "कानावर झाकण घातलं तं मशीन काय म्हणायलीय ते मला कसं कळंल?" साहेब दिसले की झाकणं कानावर, साहेब वळले की खुंटीवर, असं त्यांनी नोकरीभर केलं. ज्या कानांवर त्यांची सगळी विद्या उभी, तेच त्यांनी त्या विद्येपायी रोज थोडे थोडे जाळले. हे त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही. आक्कानं सांगितलं, मी सांगितलं. पण आम्ही काही यंत्रं नव्हतो, त्यामुळे आमचं त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही.

आधी पाखरं गेली. म्हणजे पाखरं होती, दाजींपुरता त्यांचा आवाज गेला. मग शिट्टी, मग फोनची घंटा, मग बायकांचे आवाज. आक्का म्हणायची, "गिरणीचं ऐकायला पेचकस हाय, माझं ऐकायला कान न्हाईत." आम्ही त्यांना परभणीला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी कागदावरच्या उतरत्या रेघा दाखवल्या, कानात घालायचं यंत्र घ्या म्हणाले, पण उरलंसुरलंही हळूहळू जाईल हे लपवलं नाही. दाजींनी एकच विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसून दाजी मला म्हणाले, "मास्तर, मोबाईलमधी लय ऐकलं. खरं एकदाबी ऐकलं न्हाई. कान बंद व्हायच्या आधी एकदा त्या चुलतभावाचा आवाज ऐकवा मला. मंग काय बंद व्हायचं ते होऊ द्या." दाजींनी आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

शेजारच्या राज्यात, आमच्याकडून मोटारीनं चारेक तासांवर एक धावपट्टी आहे. तिथून लढाऊ विमानं उडतात आणि बाहेरच्या रस्त्यावरून दिसतात, असं मला माहीत होतं. मी म्हटलं, "दिवाळीत जाऊ." दिवाळीत माझ्याकडं पाहुणे होते. मग परीक्षा आल्या, मग उन्हाळा फार होता, मग निवडणुकीचं काम आलं, मग शाळा सुरू झाली. दाजी कधी तगादा लावत नसत. भेटले की फक्त पेचकस पुसून दाखवत आणि म्हणत, "मी तयार हाय." असं करता करता दोन वर्षं गेली. ज्यांना भूत, वर्तमान आणि भविष्य हे क्रियापदांचे काळ मी जन्मभर शिकवले, त्या पोरांसमोर उभं राहायची मला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत होती.

गेल्या हिवाळ्यात शेवटी आम्ही निघालो. आक्कानं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दाजींनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, कपाळावर विभूती, मांडीवर पेचकस. वाटेत ते इतकं बोलले, की भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला उतरायच्या आत दोन उलटे फिरणारे शाफ्ट आणि मागचं तोंड वळवून विमान कसं वळवतात, इतकं सगळं कळलं होतं. त्यानं 'कामून' म्हणायचं आणि दाजींनी आरशातून त्याचे ओठ वाचायचे, असं चाललं होतं. कारण आता त्यांना ओठच वाचावे लागत. यंत्र त्यांनी कानात घातलं होतं, पण त्यातून नुसती खरखर येते म्हणत.

धावपट्टीचं कुंपण रस्त्यापासून लांब, आणि धावपट्टी त्याच्याही पलीकडं. आम्ही एका शेताच्या लोखंडी फाटकापाशी उभे राहिलो. शेतकरी भला माणूस होता, त्यानं बसायला बाज टाकली. थोड्या वेळानं एक पहारेकरी सायकलवरून आला आणि पेचकसाकडं बघून त्यानं इथं काय चाललंय ते विचारलं. दाजींनी त्याचे ओठ वाचून, आपल्या ठेवणीतल्या हिंदीत सांगितलं, "साब, कुछ नै करते. खाली सुनने कू आए." तो दाजींच्या कानातल्या यंत्राकडं बघत राहिला, मग पेचकसाकडं, आणि मग हसून निघून गेला.

साडेदहाच्या सुमाराला पहिलं विमान सुटलं. आधी लांबून कापड फाटल्यासारखा आवाज, आणि मग तो एकदम एवढा वाढला, की माझ्या छातीत धडधडलं, मी दोन्ही कान दाबून घेतले, शेतकऱ्याच्या म्हशीनं दावं ताणलं. शेपटीकडं आगीचा निळा-नारिंगी झोत. विमान वर गेलं, वळलं, दिसेनासं झालं. मी कानांवरचे हात काढले. दाजी त्याच दिशेला तोंड करून, मान जराशी तिरकी करून उभे होते. मग माझ्याकडं वळून त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "सुरू झालं का?"

 माझं तोंड बघून उत्तर त्यांना मिळालं असावं. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं.  कानातलं यंत्र काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि बाजेवर बसून धपाटं खाल्लं. अर्ध्या तासानं शेतकऱ्यानं बोट दाखवलं, दुसरं विमान पट्टीवर येत होतं. दाजी उठले. पेचकसाचं टोक त्यांनी फाटकाच्या लोखंडी खांबाला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. मी या वेळी कान दाबले नाहीत. विमान धावलं, आग ओकलं, डोक्यावरून गेलं. फाटकाची कडी खांबावर थरथरून वाजत होती. सगळं शांत झाल्यावरही दाजी तसेच उभे होते. मग त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळला होता.

"कान गेले, मास्तर. तरी ऐकू आलं. कामून?"

आणि ते थांबले. माझ्या ओठांकडं बघत राहिले. हा प्रश्न मी आजवर हजार वेळा निव्वळ सुटका व्हावी म्हणून विचारला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरोखर उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "कामून?"

"आतून वाट हाय," दाजी कानामागच्या हाडावर बोट ठेवून म्हणाले. "अन् चुलतभावाच्या बेअरिंगमधी काही दोष न्हाई."

परतीच्या वाटेवर ते पेचकस मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. ड्रायव्हर दोन-तीनदा आरशात बघून पुढच्या 'कामून'ची वाट पाहत होता. घरी पोचलो तेव्हा ऊन अजून ओसरीवर होतं. आक्का धान्य निवडत बसली होती. तिनं मान उडवून विचारलं, ऐकलं का? दाजी तिच्याजवळ जाऊन बसले.  मग पेचकसाच्या टोकाला त्यांनी तिच्याच पदराची घडी गुंडाळली, ते हलकेच तिच्या खांद्याच्या हाडावर टेकवलं, मूठ कानामागं लावली आणि डोळे मिटले.

"बोल," ते म्हणाले.

आक्का माझ्याकडं बघायला लागली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला 'बोल' असं कुणी म्हटलं नव्हतं. "आवो, काय बोलू?" ती म्हणाली. मग, "भाकरी टाकू का? भूक लागली आसंल." दाजी हलले नाहीत. त्यांना शब्द कळत होते की नुसता थरथराट, ते मला सांगता येणार नाही. गिरणी, जनरेटर, एसटी, सगळ्यांचं निदान ते दोन मिनिटांत करत. इथं मात्र त्यांना घाई नव्हती.

"आजून बोल," ते म्हणाले.

तेव्हा आक्का बोलायला लागली. भाकरीपासून सुरू झाली, आणि मी चपला घालून फाटकापर्यंत गेलो तेव्हा ती कूलरपाशी, पापडांच्या गोष्टीपर्यंत आली होती. वळून पाहिलं तर दाजी तसेच बसलेले होते आणि पेचकस अजून खाली ठेवला नव्हता.